ताई, ह्यात किती मिळणार?

मारुती चौकापासून पाच मिनिटांवर आमचं झेरॉक्सचं दुकान आहे, २००८ पासून. या धंद्यात एक नियम कुणी न शिकवता कळतो: लोकांचे कागद वाचायचे नाहीत. सातबारा असो, रक्ताचा रिपोर्ट असो, घटस्फोटाचा अर्ज असो. कागद काचेवर ठेवताना नजर कडांवर ठेवायची, मजकुरावर नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि त्याला ते बरोबर कळतं.

कॉलेजच्या नोट्सना मात्र मी हा नियम लावला नाही. नोट्स काय कुणाच्या खासगी असतात? त्यातही मानसशास्त्राच्या नोट्स आल्या की मशीन तापेपर्यंत मी पान वाचून काढायची. एकदा असंच मिलग्रॅमचं पान हाती आलं. अमेरिकेत १९६१ साली सुरू झालेला प्रयोग. दुसऱ्या खोलीतला माणूस चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला जास्त. पहिल्या प्रसिद्ध झालेल्या निकालात ४० जणांपैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, कारण शेजारी उभा असलेला प्रयोगकर्ता शांतपणे ‘पुढे चला’ म्हणत होता. नोट्स देणाऱ्या मुलीला मी विचारलं, “मग तो पलीकडचा मेला का?” ती म्हणाली, “काकू, शॉक खोटे होते. तो ॲक्टिंग करत होता.” आणि पैसे देऊन निघून गेली. मला पुढे आठवडाभर तेच डोक्यात. शॉक खोटे, पण बटण दाबणाऱ्याला ते खोटे आहेत हे कुठं माहीत होतं? तो घरी गेल्यावर बायकोला काय म्हणाला असेल?

त्या पानापायीच एकोणचाळिसाव्या वर्षी मी बी.ए.ला नाव घातलं म्हटलं तरी चालेल. दुकान सकाळी ह्यांच्याकडे, दुपारनंतर माझ्याकडे. वर्गात सगळ्यांची काकू.

पहिली दोन वर्षं मजेत गेली. म्युलर-लायरच्या दोन सारख्या रेघा पट्टी लावून मोजल्या तरी डोळा म्हणतो एक लांब आहे. आरशात बघून चांदणी गिरवायला लागलं की हात भलतीकडेच जातो. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला आमच्याकडे ‘प्रयुक्त’ म्हणतात. रिकामी सापडणारी म्हणून मी सगळ्या वर्गाची कायमची प्रयुक्त होते. तेव्हा कुणी माझी संमती घेतली नाही आणि मलाही ती द्यायची असते हे ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प आला.

विषय ठरलेलाच होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. आमचं मोठं मशीन, टोनरचे खोके, लॅमिनेशनचं यंत्र, सगळं आठवडाभर पाण्यात होतं. २०२१ ला पुन्हा तेच. तेव्हापासून पावसाळ्यात माणसं एकमेकांना ‘जेवला का’ विचारायच्या आधी ‘कोयनेतनं किती सोडलंय’ विचारतात. मी मॅडमना सांगितलं, “पुरात घर गेलेल्या माणसांना पावसाळ्यात झोप लागत नाही, यावर प्रकल्प करते.”

मॅडम माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. त्यांनी विचारलं, “हे तुम्हाला शोधायचंय की माहीत आहे?”

“माहीतच आहे की.”

“मग संशोधन कशाला करताय?”

मला राग आला. राग घेऊनच घरी गेले. दोन दिवसांनी परत गेले आणि म्हटलं, “बरं, शोधते.” मग त्यांनी खुर्ची दिली.

पूरपट्ट्यातल्या माणसांना झोप लागत नाही असं समजा निघालंच, तर ती पुरामुळे लागत नाही हे कशावरून? तुलनेला पाणी न आलेली माणसं हवीत. मी म्हटलं, विश्रामबागची घेते, तिकडं पाणी येत नाही. पण दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉटमधली घरं आणि विश्रामबागचे बंगले यांत फरक काय फक्त पाण्याचा आहे? हाताला रोज काम असणं-नसणं, डोक्यावरचं कर्ज, घरात माणशी किती जागा, यानंही झोप जाते. मॅडम म्हणाल्या, दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी होत नाही, तुमच्या दुकानातलं उदाहरण सांगा. ते मला लगेच सुचलं. पाऊस सुरू झाला की माझ्याकडे झेरॉक्स वाढतात. पावसाचा आणि झेरॉक्सचा काय संबंध? जून असतो, शाळा-कॉलेजचे प्रवेश असतात, दाखल्यांच्या प्रती लागतात. पाऊसही जूनमुळे, गर्दीही जूनमुळे. हे मी सोळा वर्षं गल्ल्यावर बसून बघत होते, त्याला तिसरं चल म्हणतात हे तेव्हा कळलं.

शेवटी पूरपट्ट्यातलेच पण दोन्ही वेळा ज्यांच्या घरात पाणी शिरलं ते ३० आणि उंच जोत्यामुळे ज्यांच्या उंबऱ्यापर्यंतच आलं ते ३०, असं ठरलं. निवड यादृच्छिक नाही, सोयीची. म्हणजे ओळखीपाळखीतली. तसं अहवालात स्वच्छ लिहायचं, लपवायचं नाही, ही मॅडमची अट.

प्रश्नावली मी नेटवरून पीएचक्यू-९ घेतली. २००१ पासून वापरात असलेली, नैराश्याची नऊ प्रश्नांची तपासणी. गेल्या दोन आठवड्यांत कितीदा असं वाटलं, शून्य ते तीन गुण, जास्तीत जास्त २७. सुटसुटीत. मी साठ प्रती काढूनही ठेवल्या, दुकान घरचंच. मॅडमनी पान वाचलं आणि नवव्या प्रश्नावर बोट ठेवलं. तो प्रश्न मरण बरं असं वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे.

“समजा रात्री नऊला तुम्ही कुणाच्या स्वयंपाकघरात बसलाय आणि त्यांनी या प्रश्नाला ‘रोज’ असं उत्तर दिलं. तुम्ही काय करणार?”

मी म्हटलं, “तीन गुण देणार.”

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं.

विभागातल्या तिघा शिक्षकांनी मिळून ठरवलं की पदवीच्या विद्यार्थिनीने हे साधन वापरायचं नाही. निदान करणं हे माझं काम नाही. फक्त झोप, पावसाच्या आवाजाची भीती, सामान वर चढवण्याची घाई, एवढंच विचारायचं. तरीही एक कागद माझ्याकडून पाठ करून घेतला: कुणी न विचारता जीव देण्याचं बोललं, तर फॉर्म बाजूला ठेवायचा, उठून जायचं नाही, सरळ शब्दांत विचारायचं, एकटं सोडायचं नाही, आणि मॅडमना फोन. शिवाय संमतिपत्रात एक ओळ घालायला लावली की तुमचं सांगणं गुप्त राहील, पण तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी तुमच्या विश्वासातल्या एका माणसाला सांगेन. मला ती ओळ वकिली वाटली होती.

संमतिपत्र मात्र मी झकास केलं होतं. दोन पानं, लीगल साईज, ‘मी स्वेच्छेने व कोणत्याही दबावाविना’ वगैरे. ते घेऊन दत्तनगरात गेले. पहिल्याच घरात आजींनी कागद बघितला, आत गेल्या आणि आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन आल्या. त्या झेरॉक्स माझ्याच दुकानातल्या.

“ताई, ह्यात किती मिळणार?”

मी समजावलं, हे सरकारी नाही, कॉलेजचं आहे, यात काही मिळत नाही. त्या समजुतीनं हसल्या. “तसंच म्हणत्यात पंचनाम्याला. करा की सही कुठं करायची.” शेजारी कळलं. संध्याकाळपर्यंत १४ फॉर्म भरून झाले, कुणी नाही म्हणालं नाही, उलट ‘आमचं राहिलं’ म्हणून बोलावणी आली. झोप कुणालाच लागत नव्हती. सगळ्यांचं सगळंच सर्वांत जास्त. मी खुशीत, घरी येऊन ह्यांना म्हटलं, बघा, म्हटलं नव्हतं?

मॅडमनी ते १४ फॉर्म बाजूला ठेवायला सांगितले, म्हणजे रद्दच. मी वाद घातला. सह्या आहेत ना! त्यावर त्यांनी मला टस्कीगीचं सांगितलं. अमेरिकेत अलाबामा राज्यात १९३२ पासून १९७२ पर्यंत, तब्बल चाळीस वर्षं, सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी डॉक्टर तपासत राहिले. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना ते सांगितलंच नाही. ‘रक्त खराब आहे’ एवढंच. चाळिशीच्या दशकात पेनिसिलिन हाती आलं तरी दिलं नाही, रोग पुढे कसा जातो ते बघायचं होतं. ती माणसं येत का राहिली? गरम जेवण, मोफत तपासणी, मेल्यावर पुरण्याचा खर्च. त्यांना वाटत होतं आपल्यावर उपचार चाललेत. त्यातून पुढे १९७९ चा बेलमाँट अहवाल आला आणि आज आपण ज्याला संमती म्हणतो तिचे नियम पक्के झाले.

“तुमच्या आजींना काय वाटत होतं?” मॅडमनी विचारलं.

मला ती तुलना तेव्हा जड वाटली. कुठं ते, कुठं माझा झोपेचा फॉर्म. मी कुणाचं औषध अडवलं नव्हतं. पण आजींनी मला पासबुक दाखवलं होतं आणि मी ते बघून पुढे सही घेतली होती, हे काही मला नाकारता येईना.

दुसऱ्या दिवशी चौदाही घरी गेले. काही मिळणार नाही हे पुन्हा सांगायला. तीन घरांत चहा मिळाला, एका घरात दार लागलं. ते दारही योग्यच होतं.

मग संमतिपत्र नव्यानं लिहिलं. अर्धं पान, आमच्या बोलीत, वाचून दाखवायचं. पहिलं वाक्य: ‘ह्यात पैसे, घर, अनुदान, काहीही मिळणार नाही.’ दुसरं: ‘नाही म्हटलं तर मला राग येणार नाही, दुकानात पहिल्यासारखंच या.’ हे दुसरं महत्त्वाचं होतं, निम्म्या लोकांची माझ्याकडे उधारीची वही आहे. सहीऐवजी तोंडी होकार चालेल असं ठरलं, कारण सही म्हटलं की आमच्याकडे एक तर पंचनामा आठवतो नाही तर सावकार. त्यानंतर पहिल्यांदा एका आजोबांनी ऐकून घेऊन सांगितलं, “मग नको.” इतका आनंद मला कुणाच्या होकारानं झाला नव्हता. नाही म्हणता येतंय, म्हणजे पुढचे होकार खरे.

वर्गातली एक पोरगी नोंदी घ्यायला सोबत असायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “काकू, तुम्ही उत्तर विचारत नाही, भरवताय.” मी विचारत होते: ‘पाऊस लागला की जीव घाबरतो, नाही का?’ आणि माझी मान आधीच हलत होती. माझं मशीन बुडलेलं, माझी झोप उडालेली, ती मी घरोघर शोधत फिरत होते. मग तिनं विचारायचं आणि मी लिहायचं, अशी अदलाबदल केली. मान खाली घालून लिहायला लागल्यावर कळलं की काही जणांना झोप चांगली लागते. एक मामा तर म्हणाले, पुरानंतर भावांचं भांडण मिटलं, तेव्हापासून सुखानं झोपतो. असलं उत्तर माझ्या फॉर्ममध्ये बसवायला जागाच नव्हती.

शब्दांचीही गंमत. ‘उदास वाटतं का?’ याला उत्तर यायचं, “उदास व्हायला येळ कुठाय?” तेच ‘मन लागतं का कामात?’ म्हटलं की बाई पदर सावरून बसायची. छापील मराठीतला आजार आणि घरातलं दुखणं यांची गाठच पडत नाही. आमच्याकडे काहीही झालं की मिरजेला दाखवायची पद्धत. गुडघा, डोळा, हृदय, सगळं. मन दाखवायचं म्हटलं की मात्र माणसं देवर्षी शोधतात नाहीतर गप्प बसतात. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली, त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता आणि बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. हे मी अहवालात लिहिलं तेव्हा मॅडम पहिल्यांदा हसल्या. नमुना तपासायची सवय लागली म्हणाल्या.

पुढचं सांगताना वय, गल्ली, नाती मी बदलली आहेत.

जुलै होता. आयर्विनला ३१ फूट आणि चढतं पाणी. शेवटच्या काही घरांपैकी एक घर. सोबतची पोरगी तापानं आलेली नव्हती. मावशींनी सगळी उत्तरं नीट दिली, भीतीला मधले गुण, झोपेलाही मधलेच. काहीच वेगळं नाही. मी कागद पिशवीत घातले, चहा घेतला. दारात त्या म्हणाल्या, “ह्या खेपंला पाणी आलं तर मी न्हाई वर जाणार. पोरं जाऊ देत. मी आपली हितंच बसून राहणार.”

असं आमच्याकडे पुष्कळ म्हातारी माणसं बोलतात. घर सोडवत नाही म्हणून बोलतात. मी चप्पल घातली होती. एक पाय उंबऱ्याबाहेर.

मी परत आत गेले, खाली बसले आणि पाठ केलेलं वाक्य म्हणायला लागले तर जीभ वळेना. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल, असं आपल्या सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही, हे आम्ही शिकलो होतो; विचारल्यानं माणसाला बोलायला वाट मिळते. शिकलेलं आणि जिभेवरचं यांत पंधरा सेकंद गेली असतील. मग विचारलं, “मावशी, जीव द्यायचा विचार येतो का मनात?”

त्या भांड्यांकडे बघत राहिल्या. “येतो.”

“आज?”

“आज न्हाई. पाणी चढाय लागलं की.”

पाणी चढतच होतं.

मी त्यांना संमतिपत्रातली ती ओळ आठवण करून दिली, जी मला वकिली वाटली होती. म्हटलं, मी हे एका माणसाला सांगणार, पण कुणाला ते तुम्ही सांगा. मला वाटलं मुलाचं नाव घेतील. त्यांनी धाकट्या जावेचं घेतलं, जिच्याशी दोन वर्षं बोलणं नव्हतं. तिला फोन लावला. मग मॅडमना. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे १४४१६ लावला, केंद्र सरकारची टेली मानस सेवा, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत. पलीकडून मराठीत बोलणं सुरू झाल्यावर मावशींनी फोन माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या कानाला लावला. मी उठून मोरीपाशी जाऊन उभी राहिले. तो मजकूर माझा नव्हता.

फोन ठेवल्यावर त्यांनी एकच विचारलं, पोलीस येतील का? मी सांगितलं की २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, त्यात जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसालाही गुन्हेगार नव्हे, भयंकर ताणातला माणूस धरतात. तुम्ही तर नुसतं बोललाय. त्यांना कितपत पटलं कोण जाणे. जाऊ रिक्षानं आली, बोलली काही नाही, आल्या आल्या भांडी घासायला बसली. दुसऱ्या दिवशी तीच त्यांना सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन गेली.

त्या रात्री मी जेवले नाही. ह्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, “काही नाही, प्रकल्पाचं.” सोळा वर्षांच्या दुकानात मी ह्यांच्यापासून पहिल्यांदा काही लपवत होते आणि ते लपवणं हेच माझं काम होतं. सकाळी मॅडमनी स्वतः फोन करून मला अर्धा तास बोलू दिलं. ऐकणाऱ्यालाही कुणी ऐकणारं लागतं, हे प्रश्नपत्रिकेत कधी येत नाही.

आठ दिवसांनी मावशींचा निरोप आला: माझा कागद फाडून टाक. फॉर्मवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. क्रमांक कुणाचा ती वही मॅडमच्या कपाटात. वही काढून घेतली, क्रमांक शोधला, फॉर्म फाडला. मला तो सोडवत नव्हता, सरळ सांगते. ६० ला ५९ झाले की तक्ते विस्कटतात. शिवाय तो कागद एवढा साधा होता! त्यात काहीच नव्हतं. सगळे मधले गुण. जे होतं ते उंबऱ्यात बोललं गेलं होतं.

निकाल काय लागला ते थोडक्यात: पाणी शिरलेल्या घरांत भीतीचे गुण जास्त आले, झोपेत म्हणावा तसा फरक दिसला नाही. आणि मी विचारत होते तेव्हा नदी चढत होती, त्यामुळे ती भीती २०१९ ची की त्या आठवड्याची, हे माझ्या पद्धतीनं सांगता येत नाही. असं लिहून दिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “प्रस्तावात ६० आहेत, अहवालात ५९. एक कुठं गेला?”

“माघार घेतली, सर.”

“कारण?”

“कारण सांगायची अट नव्हती.”

त्यांनी पुढचं पान उलटलं.

दिवाळीनंतर मावशी दुकानात आल्या. जुलैपासून पहिल्यांदाच, मधल्या काळात त्या पलीकडच्या दुकानातून झेरॉक्स काढायच्या, हे मला माहीत होतं. बरोबर जाऊ होती. मावशींनी पिशवीतून घडी केलेला केसपेपर काढला, “दोन दे,” म्हणाल्या. मी तो पालथा काचेवर ठेवला, कडा जुळवल्या, झाकण लावलं. प्रती निघाल्या त्याही पालथ्याच उचलल्या आणि मूळ कागदाखाली घालून दिल्या.

“किती?”

“चार रुपये.”

त्यांनी पाचचं नाणं ठेवलं. गल्ल्यात सुटा रुपया नव्हता, मी बरणीतलं चॉकलेट दिलं. त्यांनी ते जावेच्या हातावर ठेवलं.